दसऱ्याचं पाणी

नागनदीवरच्या आमच्या कमानीच्या पुलावर एक शिळा आहे. तिच्यावर चौथ्या ओळीत माझंही नाव कोरलंय, 'शरच्चंद्र, ओव्हरसियर.' ते वाचलं की मला आजही लाज वाटते.

एकोणसत्तरच्या दसऱ्याआधी दोन दिवस कमानीचं काँक्रीट ओतून झालं. मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना दोन दिवसांची सुटी दिली आणि सासुरवाडीला अमरावतीला निघून गेलो. दसऱ्याच्या संध्याकाळी सासऱ्यांना सोनं द्यायला खिशात हात घातला, तर हाताला साईटच्या विहिरीवरच्या पंपाची किल्ली लागली. माझं धाबंच दणाणलं. ताज्या काँक्रीटवर अठ्ठावीस दिवस पाणी मारावं लागतं. ऑक्टोबरच्या त्या उन्हात कमान कोरडी राहिली तर तडकणार, आणि माझी नोकरीही जाणार.

सकाळच्या पहिल्या एसटीनं नागपूर गाठलं. पुलाजवळ आलो आणि जागीच थांबलो. विहिरीपासून कमानीपर्यंत पांढऱ्या लुगड्यांतल्या बायांची रांग लागली होती. हातोहात घागरी येत होत्या. कमानीवरची गोणपाटं चिंब ओली होती. रांगेच्या टोकाला आमच्याकडची पाणी मारणारी कांताबाई उभी होती. दीक्षाभूमीसाठी गावाकडून तिच्याकडे पाहुण्या आल्या होत्या. त्यांनाच तिनं कामाला जुंपलं होतं.

मी आभार मानायचे सोडून ओरडलो, "विहिरीत कोणी पडलं असतं म्हणजे? सुटी दिली होती ना?"

"तुम्हीच तं सांगतलं होतं साहेब, अठ्ठावीस दिवस पानी," ती घागर रिकामी करत म्हणाली. "सन आहे म्हनून त्याची तहान थांबते काय?"

मी गुपचूप किल्ली तिच्या हातावर ठेवली.

कमानीला खालून आधार देणारं सेंट्रिंग काढायचा दिवस आला. ज्यानं काम पाहिलं त्यानं तेव्हा कमानीखाली उभं राहायचं, ही आमच्या साईटवरची रीत. मी कमानीखाली जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात कांताबाई येऊन शेजारी उभी राहिली.

"बाजूला व्हा, काही झालं तर?"

"म्या पानी पाजलं त्याले. मी काहून भिऊ?"

शेवटचा टेकू निघाला. कमान उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "कांताबाई, फार उपकार झाले तुमचे," मी म्हणालो.

"उपकार कायचे जी?" पदराची गाठ सोडून तिनं किल्ली परत दिली. "पुढच्या दसऱ्याले पाहुन्या येतीन, तं याच्यावरूनच येतीन."

पुढच्या दसऱ्याला मी पुलाच्या तोंडाशी पाण्याचे दोन माठ भरून ठेवले आणि ओगराळं घेऊन बसलो. कांताबाई पाहुण्यांना घेऊन आली, आणि पहिली ओंजळ तिनंच पुढे केली.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. दसऱ्याला जावई येत नाही म्हणून अमरावतीची मंडळी अजून रुसून आहेत.