सहाव्या धड्यातला सांधा

इयरफोनच्या डाव्या बोंडावरचा स्पंज फाटलाय, आतली जाळी दिसते, जाळीवर धुळीचा एक दाणा. नखानं काढावा की राहू द्यावा...

भेग असलेलं बीड बद्द वाजतं. भेग नसलेलं खणखणतं.

'बस, हो गया. सिंपल.'

आमच्याकडं कुकर नाही. आई भात पातेल्यात करते.

कंपनीतले कौस्तुभ सर बोलताना तोंडावर हात धरतात. मुद्दाम?

गुरुवार. कंपनीला सुट्टी. दुपारनंतर वीज जाणार.

लाल अक्षरांची ओळ.

मोनिकानं दाणा राहू दिला, बोंड कानात आणखी खोल दाबलं आणि सहावा धडा पुन्हा मागं नेला. जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावरचा बाण एका रिकाम्या खिडकीवर येऊन थांबतो, तिथपर्यंत. तिथं धड्यातले सर म्हणतात की आता आपण प्रोग्रॅमला साठवलेल्या माहितीशी जोडून घेऊ. सर म्हणजे नुसता आवाज, हिंदीत इंग्रजी मिसळणारा, कुठंतरी जायची घाई असल्यासारखा. चेहरा एकाही धड्यात दिसलेला नाही. मग बाण हलतो, मग काहीतरी होतं, आणि मग, 'बस, हो गया. सिंपल.' त्यांच्या पडद्यावर आकड्यांचा तक्ता शहाण्या मुलांसारखा रांगेत उभा राहतो. मोनिकानं तेच केलं, अक्षर न् अक्षर तेच, की तिच्या पडद्यावर लाल ओळ येते : ड्रायव्हर सापडला नाही.

कुठला ड्रायव्हर? आधीच्या कुठल्याही धड्यात हा शब्द आलेला नाही. पहिल्या धड्यात सर माउस कसा धरायचा ते शिकवत बसले होते, दुसऱ्यात स्वतःच्या अनुभवाबद्दल बोलले, आणि इथं, जिथं खरोखर कुणीतरी हात धरायला हवा, तिथं रस्ता ओलांडताना मधोमध हात सोडून पुढं निघून गेलेल्या माणसासारखे पलीकडच्या फुटपाथवरून म्हणतात, सिंपल. 'काहीच येत नसलं तरी चालेल, शून्यापासून शिका' असं त्या संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत होतं. कुणाचं शून्य? ज्याच्या घरात आधीच कुणीतरी इंजिनिअर आहे त्याचं शून्य आणि पौडच्या एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत बसून, एकेक धडा पेनड्राइव्हवर उतरवून घरी आणणाऱ्या बाईचं शून्य, ही एकच वस्तू आहे का... की धडे मुळात आम्हाला शिकवण्यासाठी नाहीतच, नुसतं आपल्याला जमणार नाही हे आपलं आपल्यालाच कळावं म्हणून?

उद्या शुक्रवार. उद्या दाखवायचंय.

उरवड्याच्या कंपनीत मोनिका तपासणीच्या टेबलावर असते. ओतून, घासून आलेला बिडाचा, ओतीव लोखंडाचा, तुकडा एका हातावर धरायचा, छोट्या हातोडीनं ठोकायचा आणि ऐकायचं. खणखणला तर हिरव्या पेटीत, बद्द वाजला तर लाल. भेग डोळ्यांना दिसत नाही, कानाला दिसते. कामच संशयाचं आहे : समोर येणारा प्रत्येक तुकडा फुटका आहे असं धरून चालायचं आणि त्यानं आपण धड आहोत हे वाजून सिद्ध करायचं. मी नीट ऐकते. मला पगार ऐकण्याचाच मिळतो. पाठीमागं तुकडे साफ करणारा ड्रम दिवसभर फिरत असतो, लोखंडाच्या गोळ्यांचा पाऊस पत्र्यावर पडावा तसा, आणि त्यातूनही मी ऐकते...

ऐकायची.

पावसाळा संपता संपता तिच्या लक्षात आलं की मोबाइलचा गजर वाजत नाही. मोबाइल बिघडलाय म्हणून तिनं तो दुकानात नेला, तर दुकानदारानं तो तिच्यासमोर वाजवून दाखवला. म्हणजे त्यानं तसं सांगितलं. मग बायकांचं बोलणं कडांनी झिजल्यासारखं यायला लागलं, शब्द यायचे पण त्यांची टोकं यायची नाहीत, आणि टेबलावर तिनं हळूहळू कानाऐवजी बोटांवर भरवसा ठेवला : धड तुकडा ठोकल्यावर तळव्यात थरथरत राहतो, फुटका लगेच मरतो. अजून कुठला तुकडा गिऱ्हाइकाकडून परत आलेला नाही. अजून.

जानेवारीत कंपनीत कान तपासायला येतात. ज्याचा कान गेला त्याला टेबलावर ठेवत नाहीत. गेल्या खेपेला हेमलताला पॅकिंगमध्ये नेलं, मग पॅकिंग कंत्राटदाराला दिलं, मग हेमलता घरी. जानेवारीच्या आधी वर जायचं. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत कॉम्प्युटरवर एक जागा निघाली आहे, आणि रोजच्या फुटक्या तुकड्यांचा आकडा भरला की महिन्याचा तक्ता काढून देणारा छोटासा प्रोग्रॅम जो शुक्रवारी करून दाखवेल त्याला ती मिळेल, असं मॅनेजर अण्णासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. काचेच्या खोलीत काही ऐकावं लागत नाही.

हा कोर्स कौस्तुभ सरांनी सांगितला. अमरावतीचे, पिरंगुटला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, वरच्या कॉम्प्युटरचं तेच बघतात. कुणी विचारलं नव्हतं. आपणहून टेबलाशी आले, ड्रमच्या आवाजात तिच्या अगदी जवळ वाकले आणि म्हणाले, 'मॅडम, हा करा. एकदम बेसिक आहे. थांबवून, मागं नेऊन बघता येतं. कुणाला परत परत विचारावं लागत नाही.' आपणहून का? जागा एक आहे. त्यांचा कुणी असेल. नीट शिकवणारा कोर्स त्याला दिला असेल, आणि मला हा, मधेच तुटलेला...

ती पुन्हा मागं गेली.

हिंदी. बाण. आणि आता, सरांच्या आवाजामागं कुठंतरी कुकरची शिट्टी सुरू होते, भरड, जाड, वाफेच्या जोरानं वर चढते, आणि...

तिनं थांबवलं. पुन्हा लावलं. शिट्टी चढते आणि संपत नाही. तुटते. कुठलीही शिट्टी अशी मरत नाही, ती फुसफुसत बसते, आणि ही तर कुणी कात्रीनं कापल्यासारखी. शिट्टीच्या अलीकडे एक घर होतं, स्वयंपाक चाललेलं. पलीकडे तेच घर रिकामं, शांत. आवाजाला भेग होती. बद्द. मोनिकाचा हात नकळत कंपनीच्या टेबलावर लाल पेटी असते त्या बाजूला गेला.

मग तिनं डोळ्यांनी तपासलं. खिडकीच्या वरच्या पट्टीवर फाइलचं नाव असतं. शिट्टीच्या अलीकडे नुसतं 'डेमो'. पलीकडे 'डेमो चार'.

म्हणजे अडकले होते. सर स्वतः अडकले होते! हीच लाल ओळ त्यांच्याही समोर आली होती, त्यांनी धडा बंद केला, खटपट केली, एक डेमो मोडला, दुसरा मोडला, तिसरा, कुणाला तरी विचारलंही असेल, आणि मग जमल्यावर पुन्हा सुरू करून सांगितलं, सिंपल. तिला हसू आलं, आणि हसू पुरतं यायच्या आत दुसरा संशय आला.

कारण सांध्याच्या पलीकडे, सर 'बस' म्हणायच्या आधी, थोडी शांतता आहे. बाण हलतोय आणि शांतता आहे. ती खरी कशावरून?

जर सर तिथं काही बोलले नसतील
  तर धडा फुटका आहे.
जर सर तिथं काही बोलले असतील, हळू, मला न पोचणाऱ्या टोकाच्या अक्षरांत
  तर मी.

तिनं आवाज शेवटापर्यंत वाढवला. शांतता मोठी झाली, एवढंच.

कुणाला विचारायचं? कौस्तुभ सरांना विचारलं तर कळेल. शेजारी विचारलं तर वस्तीत कळेल. अंगणात आई सुकट निवडत बसली होती, आणि आईला हिंदी येत नव्हती, इंग्रजी तर नाहीच. मोनिकाला वाटलं, हीच बरी. ज्याला भाषा येते तो न बोललेलंही ऐकतो, मनानं भरून घेतो.

'आई, जरा आत ये.'

'हात भरल्यात माझं.'

'पूस आणि ये.'

इंदूबाई पदराला हात पुसत आली, इयरफोनकडं बघून दारातच थांबली. 'ह्ये माझ्या कानात? तुझी परीक्षा मी द्यायाची व्हय आता?'

'बस इथं. तो माणूस बोलतो का गप्प असतो, एवढंच सांग.'

'मला काय कळनार त्याचं.'

'कळू नको देऊ. नुसतं बोलतो का ते सांग.'

'नवऱ्यानं मारलेल्या बाईची पोलीस साक्ष घेत्यात, मारलं का न्हाई एवढंच सांग, तसं बोलतीस,' इंदूबाई म्हणाली, पण बसली. मोनिकानं बोंडं आईच्या कानांत घातली, आणि आता तिला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त आईचा चेहरा होता, सुकटीचा वास होता आणि पडद्यावरचा बाण.

'बोलतोय,' आई मोठ्यांदा म्हणाली, इयरफोन घातलेली माणसं बोलतात तशी. 'लई घाईत हाय. कुनी मागं लागलंय जनू... आगं, शिट्टी झाली बग कुकरची! बायकू हाय वाटतं घरात. ती तिकडं भात लावतीया आन ह्यो हितं बडबडतोय.'

'पुढं?'

'तुटली की शिट्टी.'

'आता?'

बाण हलत होता. आईच्या कपाळावर एक आठी आली. मोनिका आईच्या ओठांकडे बघत राहिली.

'गप हाय.'

'हळू आवाजात पण काही नाही? नीट ऐक.'

'न्हाई गं. तो गप हाय. रातकिडं वरडत्यात नुसतं. लई किर्र किर्र.' मग, 'हां, बोलला आता. शिंपल का काय त्ये.'

कुठलं रातकिडं?

मोनिकानं हे विचारलं नाही. पण ते चेहऱ्यावर आलं असावं, कारण आई तिच्याकडे बघत होती. आईनं बोंडं काढून टेबलावर ठेवली. उठली, टेबलाला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आली आणि गरजेपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली, 'जाते मी. मांजर येईल सुकटीवर.'

मोनिकानं धडा एकदाच लावला. शिट्टी, भेग, शांतता. काचेसारखी. त्या शांततेत रातकिडे होते, लई होते, किर्र ओरडत होते, आणि तिच्यासाठी त्यांची जागा पुसून कुणीतरी पोतेरं फिरवल्यासारखी स्वच्छ होती. शिट्टी जाड होती म्हणून पोचली. बारीक ते गेलं.

भात काढणीच्या वेळी रिह्याला मावशीकडं गेलो होतो तेव्हा रात्री अंगणात मीच म्हटलं होतं की काय ग, किती शांत झालंय तुमच्याकडं, औषधं मारून मारून किडेसुद्धा मारले की काय सगळे. मावशी काहीतरी बोलणार होती. आईनं तिला भाकरी वाढ म्हणून सांगितलं... आई उजव्या बाजूला कधीपासून बसायला लागली? दार वाजलं की आधी आईच का उठते? आणि मी गजराशिवाय वेळेवर उठते कशी रोज? आई पायाचा अंगठा हलवते, मला वाटायचं तिला घाई असते.

तर धडा फुटका आहे. आणि मी. प्रोग्रॅममध्ये जर-तरच्या फांदीवर एका वेळी एकच बाजू चालते, सरांनी तेवढं मात्र नीट शिकवलं होतं. इथं दोन्ही चालल्या, आणि लाल ओळ आली नाही, काहीच अडलं नाही, अंगणात सुकट निवडली जात राहिली.

मग कौस्तुभ सर. ते काय म्हणाले होते, थांबवून, मागं नेऊन, कुणाला परत परत विचारावं लागत नाही... हे ते कुणाला म्हणतील? ज्याला नीट ऐकू येतं त्याला नाही म्हणणार. तोंडावर हात धरून बोलतात ते मला तपासायला? ठोकून बघतात, खणखणते का? आणि मी बद्द वाजले म्हणून ते टेबलाशी आले? इतके दिवस त्यांच्यावरचा संशय सोपा होता, त्यांना मला पाडायचंय एवढाच. आता तो उलटा झाला होता, त्यांना मला वाचवायचं असेल असा, आणि हा जास्त टोचत होता. पाडणाऱ्यापासून लपता येतं. किंवा नसेलही तसं. तंबाखू खात असतील, दात खराब असतील.

शिट्टीपासून रातकिड्यांपर्यंत किती वेळ गेला असेल? दुपारचा भात असेल तर संध्याकाळ होऊन अंधार पडेपर्यंत. तेवढा वेळ तो माणूस या लाल ओळीसमोर बसून होता. त्याची बायको येऊन गेली असेल, जेवा म्हणाली असेल, भात गार झाला असेल. आणि ते सगळं कापून त्यानं दोन कडा अशा जुळवल्या की कुणाला काही कळू नये. त्यात ड्रायव्हर होता. मला हवं ते सगळं त्यातच होतं. मोनिकाला त्याचा राग यायला हवा होता, तो आलाही, पण नुसता राग नव्हता तो. आपल्याच टेबलावर समोर बसलेल्या, आपल्यासारखंच काहीतरी झाकणाऱ्या माणसावर येतो तसा, त्याच्यावर नजर ठेवणारा, त्याला ओळखणारा राग. तो काय करत असेल त्या वेळात? कुठं बघत असेल? आधी कुठल्या फोल्डरमध्ये...

तिनं सातवा धडा उघडला नाही. सहाव्याचा आवाज पूर्ण बंद केला, इयरफोन काढून ठेवला आणि पडदा डोळ्यांजवळ आणून, शिट्टीच्या अलीकडची चौकट आणि पलीकडची चौकट आळीपाळीनं बघायला लागली : पहिलीत काय नाही जे दुसरीत आहे. लाल ओळ होती तिथंच होती. वीज अजून गेली नव्हती. अंगणातून आई काहीतरी म्हणाली. मोनिका 'हो' म्हणाली, आणि मग थांबली, आणि पहिल्यांदाच वळून म्हणाली, 'काय म्हणालीस? ऐकू नाही आलं.'

कामावर रुजू झाली त्या दिवशी कंपनीनं ड्रमच्या आवाजापासून कान वाचवायला दिलेले फोमचे पिवळे बोळे मोनिकानं जेवणाच्या सुट्टीआधीच काढून ठेवले होते; ते घालून भेग ऐकू येत नाही, म्हणून त्या टेबलावरच्या सगळ्याच बायका ते काढून ठेवतात.