छत्तिसावा कोर्स

मनकर्णाबाईंनी लॅपटॉपवर टेकवलेली बोटं उचलली, पदराला पुसली आणि माईकमध्ये म्हणाल्या, की पासवर्ड लिहिलेली डायरी घरी राहिली. अशी काही डायरी नव्हतीच.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले दोनेकशे शिक्षक सभागृहात बसले होते. भोपाळहून आलेल्या प्रशिक्षकांची इच्छा एवढीच होती, की बाईंनी आपल्या आयडीनं लॉग-इन करावं आणि आपलं काम मागच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवावं. कारण ऑनलाइन प्रशिक्षणात बाई जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या. वय चौपन्न, शाळा फोपनारच्या पलीकडच्या एका खेड्यात, विषय गणित. छत्तीस कोर्स आणि छत्तीस प्रमाणपत्रं.

त्यातला एकही कोर्स बाईंनी केलेला नव्हता. सगळे त्यांच्या सुनेनं केले होते. संध्याकाळी शाळेतून आल्या, की बाई मोबाईल चारुलताच्या हातात देत आणि पाठ टेकत. चारुलता कुकरच्या शिट्ट्या मोजत व्हिडिओ बघे, प्रश्न सोडवी, मोठी उत्तरं लिही. शेवटचं सबमिटचं बटण तेवढं बाई स्वतः दाबत. त्यामुळे काम आपणच केल्यासारखं वाटे आणि झोपही चांगली लागे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त या नागोबाला आज शाल मिळणार होती.

आता बाई वाईट शिक्षिका होत्या असं कोणी म्हणू नये. हातात खडू असला, की त्या दगडालाही गुणोत्तर शिकवतील. पण शाळेत स्मार्ट बोर्ड आला, त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गासमोर त्यांनी भलतंच काही दाबलं आणि बोर्डावरून मोठ्यानं गाणं सुरू झालं. मुलं हसली. तेव्हापासून बाई त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत.

"कोई बात नहीं, मैडम. हम ही खोल देते हैं," प्रशिक्षक म्हणाले.

त्यांनी आपल्याकडून उत्तरं उघडली. पहिलं होतं अपूर्णांकांवरचं. केळीचा घड वर्गात आणावा, त्याच्या फण्या सुट्या कराव्यात, एका फणीतली केळी मोजावीत; म्हणजे घडाचा आठवा भाग आणि त्या भागाचा निम्मा, हे मुलांना हातानं कळतं. ज्यांच्या घरी केळीच आहेत त्यांना पिझ्झाचे तुकडे कशाला दाखवायचे, असंही पुढे लिहिलं होतं. सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. बाईंनी असं कधी शिकवलं नव्हतं. ऐकताना त्यांना वाटलं, शिकवायला हवं होतं.

चारुलता माहेरची डोईफोडिया गावची, बी.एस्सी. झालेली. लग्नानंतर वर्षाच्या आतच तिनं बी.एड.चा विषय काढला होता. बाई म्हणाल्या होत्या, घरात एक मास्तरीण पुरे. नवरा उमेश नेपानगरच्या कारखान्यात. तो म्हणाला आईला विचार, आणि आईला तर विचारून झालं होतं. त्याला आता तीन वर्षं झाली. तिनं पुन्हा तोंडातून शब्द काढला नाही. ती समजूतदार आहे, असं बाई शेजारीपाजारी सांगत.

"अब ये आख़िरी कोर्स का उत्तर सुनिए," प्रशिक्षकांनी चष्मा वर सारला. प्रश्न होता, एखाद्या विद्यार्थ्यावर तुमच्या हातून अन्याय झाला आहे का? बाईंना हा प्रश्न आज पहिल्यांदाच कळत होता.

उत्तर हिंदीत होतं. पण दुसऱ्याच वाक्यापासून बाईंना ते मराठीत ऐकू यायला लागलं, आणि आवाजही प्रशिक्षकांचा राहिला नाही. 'माझी एक विद्यार्थिनी माझ्या घरातच राहते. तिला शिक्षिका व्हायचं होतं. मी नको म्हटलं. ती हुशार नाही असं मला वाटलं नव्हतं. तिच्या हुशारीचा मला घरात उपयोग होता, म्हणून मी ती घराबाहेर जाऊ दिली नाही. वर्गात मी मुलींना सांगते, पुढे शिका. घरी येऊन मी त्या मुलीच्या हातचं गरम जेवते. याची मला लाज वाटते.'

मागच्या रांगेतलं कोणीतरी उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवत सगळेच उभे राहिले. पहिल्या रांगेतली कविता, बाईंच्याच शाळेतली हिंदीची शिक्षिका, डोळे टिपत होती. इतका प्रामाणिक शिक्षक आपण पाहिला नाही, असं प्रशिक्षक म्हणाले.

बाईंचे कान तापले. त्यांना तो रविवार आठवला. चारुलता मोबाईल घेऊन आली होती, आणि एरवी नुसतं बटण पुढे करणारी ती त्या दिवशी म्हणाली होती, एकदा वाचून घेता का. बाई डाळ निवडत होत्या. तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं होतं.

"फिर उस बच्ची का क्या हुआ, मैडम?" प्रशिक्षकांनी विचारलं.

खरं सांगायची ही वेळ होती आणि बाईंना ती कळलीही. पण उभे राहिलेले दोनशे लोक त्यांच्याकडे बघत होते.

"यंदा बी.एड.ला घातलंय तिला," बाई म्हणाल्या. आणि कोणाला कळलं नसेल म्हणून तेच पुन्हा हिंदीत म्हणाल्या.

शाल खांद्यावर आली तेव्हा त्यांना घाम फुटला होता. परतीच्या रिक्षात कविता म्हणत राहिली, की बाई, मन मोठं लागतं असं लिहायला. बाई रस्त्याकडे बघत होत्या. गृहपाठ न करता आलास, लाज नाही वाटत? हा प्रश्न त्यांनी तीस वर्षं पोरांना विचारला होता. लाज वाटते ती अशी, गिळलेला घास अर्ध्यात अडकावा तशी, हे मात्र त्यांना आज कळत होतं. कविता वाटेत उतरून गेली, तेव्हा त्यांना बरं वाटलं.

घरी चारुलता ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. बाई ओट्याजवळच उभ्या राहिल्या. शाल त्यांनी बाहेरच्या खुर्चीवर टाकली होती.

"चारू, मी तिथं सांगून आले. तू बी.एड.ला आहेस म्हणून."

"माहितै. कविता मॅडमचा फोन आलता, बधाई द्यायला. मी हो म्हटलं."

"तू कशाला हो म्हटलंस?"

"तुमच्या नावाचं सगळं मीच तर भरते, आई."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना काहीतरी उलटून बोलता आलं असतं. भाकरी तव्यावर पडली. बाईंनी विचारलं, फॉर्म भरायची तारीख आहे का अजून? सोमवारपर्यंत आहे, चारुलता म्हणाली. तिला ती शोधावी लागली नाही, हे बाईंच्या लक्षात आलं.

"मग भर. उमेशला मी सांगते."

चारुलतानं भाकरी उलटली.

"तिथं बोलून आलात म्हणून म्हणताय, का तुम्हाला वाटतंय म्हणून?"

मनापासून वाटतंय, हे उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. सभागृहात असलीच उत्तरं चालतात. त्यांनी ते गिळलं.

"तिथं बोलले म्हणून," त्या म्हणाल्या. "नाहीतर नसतं म्हटलं. आजही नसतं म्हटलं."

चारुलतानं गॅस बंद केला, हाताचं पीठ धुतलं, खोलीतून आपली मार्कशीटची फाईल आणली आणि जेवणाच्या टेबलावर बाईंचाच मोबाईल उघडून त्यांच्यासमोर ठेवला.

"बसा. मी सांगते, तुम्ही टाइप करा. आधी माझं नाव."

इंग्रजी अक्षरांच्या त्या गर्दीत बाई सी शोधू लागल्या. बोट दोनदा चुकीच्या ठिकाणी पडलं, दोनदा खोडावं लागलं. चारुलता शेजारी बसून होती. तिनं हात पुढे केला नाही.