हात मागे घे

दवाखान्यात, सरावाच्या लाकडी फळीवर ताणलेल्या कापडाचं तिसरं बटण निळं होतं, आणि आईचा अंगठा त्याच्यावरून घसरला नेमका तेव्हाच योगिनीनं विचारून टाकलं, “मॅडम, तुमाले डॉक्टरचे मार्क नाई पडले, म्हनून तुमी हे हाताच्या कसरतीचं काम करता का?”

पैज मैत्रिणींची, रीता आणि हेमलाची. शाळेतून येताना दोघी म्हणाल्या होत्या, “आता लय धीट झाली ना तू? विचारून दाखव.” घ्या, विचारलं. छातीत धडधड वगैरे काही झाली नाही, हेच नवल.

“नाही पडले,” मॅडम म्हणाल्या, कुणी किती वाजले विचारल्यावर सांगावं तशा. “आणि तू हात मागे घे.”

तेव्हा तिला दिसलं, आपला हात बटणापाशी पोचलेला होता. कधी पोचला?

सोयाबीनच्या मळणीत आईचा उजवा हात थ्रेशरच्या पट्ट्यात गेला त्याला सहा महिने झाले. जखम भरली, बोटं आखडून राहिली – आणि तेव्हापासून आईची वेणी, आईचं कुंकू, ब्लाऊजचे हूक, तोंडातला घास, सगळं योगिनीच्या हातानं. शेजारची हिरीबाई गल्लीभर सांगायची, “पोरगी पाहा, मायले काडी उचलू देत नाई!” किती गोड लागायचं ते... आणि ती न उचललेली काडीच आईच्या बोटांत अडकून बसली असेल तर? मॅडम असं काही म्हणाल्या नाहीत. त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि आई त्या एका बटणाशी चार मिनिटं झटली, घामेजली, “काय पोरखेळ लावला हा,” म्हणून करवादली – आणि बटण काजात गेलं. आईनं वर पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या बटणाला हात घातला.

घरी परतताना मालेगावच्या बसमध्ये योगिनीनं मॅडमच्या दारावरच्या पाटीचे शब्द फोनवर शोधले. ऑक्युपेशनल थेरपी – दुखावलेल्या हातापायांना रोजची कामं पुन्हा शिकवायची विद्या. शिक्षण साडेचार वर्षं, नागपूरला. मग आईचे हूक कोण लावणार? – आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार, जास्त थंड: आईचा हात चालला, तर मी जाऊ शकते. म्हणजे मी हात मागे घेते तो आईसाठी, की माझ्यासाठी? दुसऱ्या कुणाच्या पेपरातला प्रश्न पाहावा तशी ती त्याच्याकडे पाहत राहिली. 

घरी आई न सांगता परातीशी बसली. भाकर फाटली. पुन्हा फाटली. बाबांनी ताट सरकवलं.

“योगिने, पाहून काय राह्यली? थाप ना तू.”

“थापू द्या तिले.”

“अवं, दुखते तिले! तू हायेस म्हनून निभते, नाईतर हिचं कोनं पाह्यलं असतं?”

आईच्या कपाळावर आठी होती – रागाची की जोर लावल्याची, कळेना. काल ती विचारावी लागली नसती, काल ती कळली असती...

“आई, बाबा, बारावीनंतर मी त्या मॅडमचं काम शिकनार हाय. नागपूरले जाऊन,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या ध्यानात आलं, आपण आईच्या तोंडाकडे पाहतच नाही, बोटांकडे पाहतो आहोत – तिसरं किती वळतं, चौथं किती – एखाद्या परक्या बाईच्या बोटांकडे पाहावं तसं.