दोष सुईचा

वैशाख पेटला होता. अकोल्याच्या आभाळाची निळाई विटून पांढुरकी पडली होती; कडुनिंबांच्या सावल्या अंग चोरून बुंध्याशी बसल्या होत्या; डांबरी रस्त्यावर ऊन साचले होते. पांढरे ऊन, पिवळे ऊन, भाजके ऊन. त्या तप्त, निर्मनुष्य, निःशब्द दुपारी साऱ्या कॉलनीत एकच आवाज जागा होता, उद्धवराव गावंडे यांच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्रेसरची घरघर.

उद्धवराव म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त आरेखक. आयुष्यभर त्यांनी कालव्यांच्या रेघा ओढल्या. सरळ रेघा, शुद्ध रेघा, कृष्णवर्ण, केशसूक्ष्म, निष्कलंक रेघा. इतक्या ओढल्या, की त्या रेघांच्या अल्याडपल्याडचे सगळे जगच त्यांना वाकडे दिसू लागले. साहेब वाकडे, कंत्राटदार वाकडे, शेजारी वाकडे, आणि सासरची माणसे तर विचारूच नका.

निवृत्तीनंतर ते लढाऊ विमानांची तळहाताएवढी मॉडेल्स जोडू लागले, जोडून हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या एअरब्रशने रंगवू लागले, आणि त्यांच्या तुच्छतेला नवे कुरण मिळाले. कुंचल्याने रंगवणारे त्यांच्या लेखी चुनेवाले. डब्यातला तयार फवारा मारणारे तर माणसांत जमाच नाहीत. पण सर्वांत गर्द, सर्वांत सुखद, जपून जपून मुरवलेली तुच्छता त्यांनी राखून ठेवली होती टेपवाल्यांसाठी.

पंखावर हिरवा आणि मातकट असे दोन रंग भेटतात, ती कड साधायला हे लोक आधी चिकटपट्टी लावतात, मग रंग उडवतात, मग पट्टी सोलून काढतात. झाली कड! "ती कड पट्टीची, तुमची नव्हे," असे उद्धवराव तोंडावर सांगत. "हात धरून गिरवलेलं अक्षर कुणी आपलं म्हणतं का?" आणि दैव बघा, टेपवाल्यांचा शिरोमणी त्यांच्याच घरी जेवायला येई. बायकोचा धाकटा भाऊ, मनोहर इंगळे. जेवणाआधी त्याच्या पानात अपमान वाढला जाई, आणि तो बिचारा दोन्ही मुकाट खाई.

आज संध्याकाळी गावातल्या मॉडेलवाल्यांच्या मंडळाचे प्रदर्शन होते. तिथे भरल्या सभागृहात, टेपविना, आधाराविना, उद्धवरावांनी विमानाच्या पंखावर मोकळ्या हाताने रेघ ओढून दाखवायची होती. नोकरीत आराखडा त्यांचा असे आणि सही साहेबाची. कालव्यांतून पाणी वाहिले, पाण्यावर पिके डोलली, कोनशिलांवर नावे कोरली गेली. रेघ ओढणाऱ्या हाताकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. आज लोक तो हात पाहायला येणार होते. या एका संध्याकाळसाठी उद्धवरावांचा जीव आसुसला होता, आणि हे त्यांनी कोणालाही, बायकोलाही, कळू दिले नव्हते.

म्हणून भर दुपारी सराव. चंदेरी, सडपातळ, नाजूककंठी एअरब्रश त्यांनी उजव्या हातात घेतला. त्याचे तंत्र सोपे आणि निर्दय. कळ दाबली की हवा, कळ मागे ओढली की रंग. आतली सुई जितकी मागे सरेल, तितकी रेघ रुंद. उद्धवरावांनी कळ दाबली, जराशी ओढली. हिरवे धुके निघाले, पाचूवर्णी, तलम, उसाशाहून हलके. पुठ्ठ्यावर उतरले आणि रेघ झाले. रेघ वाकडी होती. वाकडी, थरथरती, गांडुळासारखी.

ज्या नजरेने ते मनोहरकडे पाहत, त्याच नजरेने त्यांनी त्या रेघेकडे पाहिले.

"हा भिकार कूलर," ते म्हणाले.

झोत लागला की रंग हलतो, उघड आहे. त्यांनी कूलर बंद केला. वाळ्याचा ओला सुगंध थबकला, विरला, आणि खोलीत उन्हाने पाऊल टाकले. शेजारच्या खोलीत चटईवर पडलेल्या त्यांच्या पत्नी, रत्नप्रभाबाई, उठून बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. इकडे दुसरी रेघ आली. तीही थरथरतच आली.

मग पाळी उन्हाची. वऱ्हाडातला वैशाख म्हणजे रंगाचा वैरी. नळीतून बाहेर पडायच्या आतच रंग सुईच्या टोकावर वाळतो, त्याचा खडा होतो, फवारा अडखळतो. ओल्या कुंचल्याने त्यांनी टोक पुसले, हिरवा कण टिपून काढला. "सूर्यालाही पोच नाही," म्हणाले. रंगात थिनर ओतला. रंग दुधाइतका पातळ हवा; रागाच्या भरात तो पांचट ताकाइतका झाला, आणि पुठ्ठ्यावर रेघेला चहूबाजूंनी कोळ्याचे पाय फुटले. "दुकानदार चोर. रंग म्हणून पाणी विकतो मेला." पुन्हा रंग कालवला, हिरवा, सतेज, नेमका. पुन्हा रेघ. पाय गेले होते, थरथर होती.

मग पाळी कॉम्प्रेसरची. हवा धक्क्याधक्क्याने येत असली, की रेघेला मणी पडतात. त्यांनी टाकीत साचलेले पाणी सोडले, नळीचे सांधे आवळले, दाबाच्या तबकडीवर डोळे रोखले. काटा जागचा हलत नव्हता, दाब एकसारखा होता. कॉम्प्रेसर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मात्र झाला.

दाराशी रत्नप्रभाबाई येऊन उभ्या होत्या. "अहो, काहून जिवाला ताप करून घेता? ती पट्टी लावा ना, मनोहर लावतो तशी."

"तुझ्या माहेरची अक्कल माहेरीच राहू दे," उद्धवराव म्हणाले. "तिथे तुटवडा आहे."

त्या आत गेल्या. जाताना त्यांनी पुठ्ठ्यांच्या ढिगाकडे एकदा पाहिले.

उरली सुई. उद्धवरावांनी ती पाठीमागून अलगद ओढून काढली, पुसली, काचेच्या तुकड्यावर ठेवली आणि बोटाने घरंगळवली. सुई वाकली असेल तर टोक नाचते, हे रंगवणाऱ्यांतला नवशिक्याही जाणतो. टोक नाचले नाही. रुपेरी, निर्मळ, निर्दोष सुई काचेवरून या टोकाची त्या टोकाला गेली आणि स्वस्थ राहिली. उद्धवरावांना तिचा राग आला.

शेवटचा उपाय त्यांनी केला तो खऱ्या आरेखकाचा. सुई पुन्हा बसवली. टेबलाच्या कडेला लावलेल्या शिकंज्यात एअरब्रश आडवा आवळला. त्याच्या तोंडाशी पोलादी पट्टी ठेवली, पट्टीला पुठ्ठा टेकवला, कळ दाबून, जराशी मागे ओढून दोऱ्याने बांधून टाकली आणि पट्टीच्या कडेकडेने पुठ्ठा सरकवला. आता एअरब्रश कोणाच्या हातात नव्हता. आणि रेघ उमटली. सरळ. मरकतहरित, अखंड, अविचल, जन्मभर ओढल्या तसल्यांपैकी एक. तिच्यात दोष काढायला जागा नव्हती.

उद्धवराव कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले.

तो मांडीवर पडला होता. कोणी सांगितले नसताना त्याचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, चिमटीत मिठाचा खडा चोळावा तसा. थांब म्हटले, थांबला. नजर वळवली, पुन्हा फिरू लागला. कूलर निर्दोष, सूर्य निर्दोष, दुकानदार निर्दोष, सुई निर्दोष. साऱ्या खोलीत गुन्हेगार एकच, आणि तो त्यांच्याच मनगटाला जोडलेला. "लाज नाही वाटत?" उद्धवराव हाताला म्हणाले. हाताला लाज वाटली नाही.

गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात मंडळातल्या बोचरे नावाच्या म्हाताऱ्या सभासदाचा हात कापू लागला होता, रंग सांडून विमानाचे शेपूट बरबटले होते. तेव्हा उद्धवराव भर सभेत म्हणाले होते, "हात कापतो त्यांनी कुंपणं रंगवावी." लोक खदखदून हसले होते. बोचरेही हसले होते. पुन्हा ते मंडळात आले नाहीत. आज संध्याकाळी तेच लोक, त्याच खुर्च्या, तेच हसू. उद्धवरावांना भीती वाटली. साधी, उघडी, पोरकी भीती, लहानपणानंतर कधी वाटली नव्हती अशी.

त्यांनी शिकंजा तसाच ठेवून सुई बाहेर काढली. पुसली. तिच्यावरचा हिरवा थेंब कापसाने टिपला. सवय मोठी वाईट. मग तिचे टोक टेबलावरच्या काचेला टेकवले, वर अंगठा ठेवला आणि दाबले. सुईने फारसा विरोध केला नाही. ती नमली, कमानली, वाकली. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने एक सरळ गोष्ट जाणूनबुजून वाकडी केली, आणि त्याला हायसे वाटले. आता दोष सुईचा होता.

ऊन कलल्यावर मनोहर आला. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, कपाळावर घाम, तोंडभर हसू. "चला भाऊजी! लोक खुर्च्या धरून बसले तिथं."

"जाऊन काय करू? सुई वाकली." उद्धवरावांनी हात लुंगीच्या घडीत लपवला.

"हात्तिच्या, एवढंच ना! मग काळजी कायची?" मनोहरने खिशातून प्लास्टिकची बारीक नळी काढली. "आपली रंगाची गन एकाच कंपनीची. तुमच्यासारखीच घेतली होती मी, मुद्दाम. ही सुई कोरी आहे. घ्या."

कोरी, झगझगीत, सरळ सुई मनोहरच्या तळहातावर पडली होती, आणि उद्धवरावांची सुटकेची वाट तिने बंद केली होती. मग त्यांनी तेच केले जे त्यांना येत होते.

"तुझी सुई? टेपवाल्याची?" त्यांचा आवाज चढला. "पट्टीच्या आडोशाला वाढलेलं तुझं सामान, ते माझ्या गनमध्ये घालू? लोकांना काय दाखवू, साळ्याची उधारी? चार भिंती रंगवायची लायकी नाही आणि निघाले मला सुया वाटायला! तुझ्या बापाने कधी सरळ रेघ पाहिली होती का?" तुच्छता धो धो वाहिली. त्यातला एकेक शब्द जुना, घासलेला, बिनचूक होता. फक्त आज त्याला धार नव्हती आणि हे दोघांनाही ऐकू येत होते.

मनोहरने टेबलावरची वाकलेली सुई उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. हातातून पडलेल्या सुईचे फक्त टोक मुडपते. ते नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही. ही सुई टोकाच्या पुष्कळ खालपासून वाकली होती, धनुष्यासारखी, कोणीतरी दाबून धरल्यासारखी. मनोहरने सुई पाहिली. शिकंज्यातला एअरब्रश पाहिला, त्याच्याखालची सरळ रेघ पाहिली, जमिनीवर विखुरलेल्या पुठ्ठ्यांवरची गांडुळे पाहिली. लुंगीच्या घडीत काहीतरी हलत होते, तेही पाहिले.

उद्धवराव हसण्याची वाट पाहत होते. मनोहरच्या जागी ते असते, तर हसले असते. गावभर हसले असते, वर्षभर हसले असते, पंगतीत पानापानावर वाढले असते.

"पडलीच असणार," मनोहर म्हणाला. "तुमची ही फरशी मोठी वाईट, भाऊजी. आणि सुया तरी कुठं राहिल्या आता पहिल्यासारख्या." त्याने आपली कोरी सुई नळीत घातली, नळी खिशात घातली. "मी सांगतो तिथं. सुईनं दगा दिला म्हणतो. ताई, येतो गं."

तो गेला. उद्धवरावांच्या जन्मभर जपलेल्या तोऱ्याला असा तडाखा कोणी दिला नव्हता. टेपवाल्याने त्यांना सांभाळून घेतले होते. शिवी दिली असती तर परवडली असती. ही दया त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला.

रत्नप्रभाबाईंनी कूलर लावला. वाळ्याचा गंध परतला, गार, ओला, मातीचा. मग त्या चहा घेऊन आल्या आणि कप त्यांच्यापुढे ठेवून खिडकीशी बसल्या.

कप अर्धाच भरलेला होता.

"चहाला काय दुष्काळ..." उद्धवरावांनी सुरुवात केली आणि मध्येच त्यांना आठवले. सकाळचाही अर्धाच होता. कालचाही. आंब्याला मोहोर होता तेव्हाही अर्धाच. माहेरचा कद्रूपणा म्हणून त्यांनी दोनतीनदा टोचून बोलूनही पाहिले होते, तेव्हा ही बाई मुकाट उठली होती आणि पुन्हा एक कप घेऊन आली होती. पुन्हा अर्धा.

ती खिडकीबाहेर पाहत होती. खूप लक्ष देऊन, बाहेर काहीच नसताना, पाहत होती.

उद्धवरावांनी लुंगीच्या घडीतून हात काढला. कप उचलला. कप बशीशी किणकिणला, सुटला, कापत कापत वर आला. तांबूस, वाफाळता, वेलदोडा घातलेला चहा आत डुचमळला, एका कडेने वर चढला, काठाशी पोचला, आणि मागे फिरला.

सांडला नाही.