कोरड्या हवेतल्या खुणा

समीक्षाच्या चार वर्षांच्या कामाचा निकाल जळगावच्या एका प्रयोगशाळेत, भर वैशाखात लागला.

ती भडगावची. धुळ्याला देवपुरात खोली घेऊन पीएच.डी. करत होती. काम होतं ॲल्युमिनियम-स्कँडियम नायट्राइडच्या पातळ थरांवर. अशा थराला विजेचा दाब दिला की त्याच्या आतली ध्रुवता, म्हणजे धन-ऋण टोकांची दिशा, उलटते आणि दाब काढला तरी उलटलेलीच राहते. म्हणून त्यात माहिती साठवता येते. समीक्षाने बारीक सुईने थरावर उमटवलेल्या खुणा आठवडेच्या आठवडे टिकल्या होत्या. त्यावरचा शोधनिबंध छापून आला तेव्हा आईने, द्रौपदाबाईंनी, गल्लीभर पेढे वाटले होते.

तेच मोजमाप जळगावच्या यंत्रावर पुन्हा करून बघायचं होतं. त्या यंत्राची पेटी कोरड्या नायट्रोजन वायूने भरलेली होती. तिथे खुणा उमटल्या आणि चहा येईपर्यंत पुसल्याही गेल्या.

"सुई बदलून बघू," तिचे मार्गदर्शक प्रेमराज सर म्हणाले. बदलली. तेच.

धुळ्याची सगळी मोजमापं समीक्षाने पावसाळ्यात, उघड्या हवेत घेतली होती. तिने पेटीत ओल्या कापसाची वाटी ठेवायला लावली. पेटीत दमटपणा आला तशा खुणा टिकू लागल्या.

"थर एकटा खुणा धरत नव्हता, सर. वर बसलेलं हवेतलं पाणी त्याला सावरत होतं. आणि मी तो थराचाच गुण म्हणून छापला."

सरांनी ओल्या कापसाची वाटी बाहेर काढली. मग म्हणाले, "निबंध मागे घ्यावा लागेल. हवेचा परिणाम नव्याने मोज."

"कशावर मोजू?"

चाचणीला आणलेला हा एक थर पुरणार नव्हता. उरलेल्या थरांवर दमट हवेने ऑक्साइडचा पापुद्रा चढवला होता. ते आता दाबाला दादच देत नव्हते. थर बनवून देणाऱ्या संस्थेने ते काम बंद केलं होतं. तिची पीएच.डी.ची मुदतही संपत आली होती.

निबंध मागे घेत असल्याचं तिने स्वतःच नियतकालिकाला कळवलं आणि भडगावची एसटी धरली.

"व्हयनं का तुनं काम?" काम झालं का, असं आईने दारातच अहिराणीत विचारलं.

"व्हयनं."

ती आतल्या खोलीत जाऊन पडली. बाहेरच्या ओट्यावर आई शेजारणीला सांगत होती, "आमनी पोर आते डॉक्टर व्हई." समीक्षाने भिंतीकडे तोंड केलं. उठून खरं सांगण्याचं बळ तिच्यात नव्हतं.