माझ्या मागून पळणारी बाई

मित्रांनो, मी एक जुना पटाचा बैल आहे. जुना म्हणजे म्हातारा नाही हं. दात शाबूत आहेत, शिंगंही डौलदार आहेत. पण पटाच्या बैलाचं एक खूर गेलं की तो एका दिवसात जुना होतो. माझं नाव भुऱ्या. दिघोरीच्या हिरालालच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, मी बांधलेला असतो. इथून मला अंगण, चुलीपाशी जाणारं दार आणि रस्त्याकडचं फाटक दिसतं. तेवढ्यावरून माणसं बरीच कळतात.

माझा जन्म याच घरचा. मी गोऱ्हा होतो तेव्हाच हिरालालनं माझे पाय पाहिले आणि म्हणाला, "हा नांगराचा नोहे गा, हा पटाचा होय." पट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. हलका छकडा, दोन बैल, वर हाकणारा धुरकरी, आणि समोर सरळ मोकळी पट्टी. आमचा धुरकरी धनीराम. मला पळायला त्यानंच शिकवलं. माझा जोडीदार खैऱ्या आळशी होता, पण माझ्या शेजारी जुंपला की तोही पळायचा. काय करणार, जू एकच.

पटाच्या बैलाला बसून चालत नाही. शर्यत वर्षातून थोड्याच वेळा, पण पळणं रोजचं. पहाटे धनीराम माझा कासरा धरायचा आणि तलावाच्या पारीवर न्यायचा. पार म्हणजे तलावाचा लांब, सरळ बांध. मी पुढं, तो मागं. "बसला बैल सडते," हे हिरालालचं लाडकं वाक्य. पाहुणे आले की तो ते ऐकवायचाच. पळून आल्यावर लगेच पाणी द्यायचं नाही, आधी अंग पुसायचं, थंडीत सुट्टी द्यायची नाही, दोन दिवस खंड पडला तर तिसऱ्या दिवशी हळू सुरुवात करायची. सगळं त्याला पाठ. स्वतः मात्र तो ऊन अंगणात आल्याशिवाय उठायचा नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. हिरालालची बायको, आमची धुरपताबाई. चाळिशी केव्हाच मागं पडलेली. लेकीचं लग्न झालेलं, मुलगा मोनू जवाहरनगरला नोकरीला. एका वर्षी भाताच्या रोवणीत ती बांधीत, म्हणजे खाचरात, चक्कर येऊन बसली. साकोलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि शुगर निघाली. घरी येऊन तिनं सांगितलं, "गोळ्या देल्या. अन् रोज भरभर चालाले सांगतलं. जमलं त थोडं पळाले बी."

हिरालाल हसला. "दिवसभर वावरातच त रायतं तू. तुले आणखी कायचा व्यायाम पाह्यजे?"

"डॉक्टर म्हणे काम येगळं अन् हे येगळं. कामात कंबर वाकते, दम वाढत नाही."

"हे बसून खाणाऱ्या बायांचे चोचले होत."

बघा, बसलेला बैल सडतो हे ज्याला पाठ, त्याला हे कळेना. मोनू फोनवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवायचा. फोन मात्र हिरालालच्या खिशात.

तरी बाई निघाली. पदर कमरेला खोचला आणि पहाटे फाटकाबाहेर पडली. त्याच वेळी धनीराम आणि मीही पारीवर होतो, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. पारीच्या सुरुवातीला मारुतीचं देऊळ आहे. तिथं ओट्यावर काही माणसं दात घासत बसलेली असतात. बाई भरभर चालत आली तसे त्यांचे हात थांबले.

"काय वहिनी, बस चुकली का?"

"बस नोहे गा, पोलीस भरती निघाली म्हणते."

"मंग हिरालाल आता कोणाले भेत असन?"

सगळे हसले. बाई मान खाली घालून पुढं गेली. दुसऱ्या दिवशी तिला येताना पाहून एकानं शिट्टीच वाजवली. परतताना शेजारची कुंताबाई भेटली. ती चांगली बाई आहे, मनापासून बोलते, आणि त्यामुळंच जास्त लागतं. "काहून वो, जावई आला घरात, आता कायले हे? लोकं हासून राहिले." त्यानंतर बाई पारीवर आली नाही.

मग दिवाळीनंतर धनीराम नागपूरला बांधकामावर गेला. मला पळवायला कोणी उरलं नाही. हिरालालनं स्वतः प्रयत्न केला. देवळापर्यंत पोहोचला, ओट्यावर बसला आणि मलाच म्हणाला, "थांब गा जरा." मी थांबलो. त्या दिवशी आमची शर्यत तेवढीच झाली. संध्याकाळी तो कपाळाला हात लावून बसला. "पट जवळ आला. बैल बसून राहिला त खेळ खलास."

चुलीजवळून बाई म्हणाली, "मी नेतो."

"तू?"

"बैलाचंच काम होय. त्यात कायची लाज?"

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी तिनं माझा कासरा धरला आणि आम्ही देवळावरून गेलो. तीच माणसं, तोच ओटा. बाई पदर खोचून माझ्यामागं अक्षरशः धावत होती. आणि कोणीही हसलं नाही. एक जण तर उठून बाजूला झाला. "सरका गा, बैल येऊन राहिला." बाईला वाट मिळाली ती अशी.

पहिले दिवस फार वाईट होते. थोडं पळालं की तिला धाप लागायची. गुडघे धरून ती उभी राहायची आणि मला म्हणायची, "जा नं बापा, तूच पळ." मी थांबायचो. पटाचा बैल आहे मी, मला हळू पळणं आवडत नाही, पण कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे बैलाला कळतं. हळूहळू तिचा दम वाढला. आधी शेंदरी फुलाच्या पळसापर्यंत, मग पाणी सोडायच्या मोरीपर्यंत, मग पार संपेपर्यंत. त्या टोकाला कोणी नसायचं. तिथं ती माझ्या मानेला टेकून उभी राहायची आणि पाण्याकडं बघून उगाच हसायची. घरात तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तिला रोज हुरूप असायचा असं मात्र समजू नका. थंडी असायची, अंग दुखायचं, आदल्या दिवशी पाहुण्यांची भांडी घासून हात गळालेले असायचे. अशा पहाटे ती अंथरुणातून उठायचीच नाही. मग मी हंबरायचो. गव्हाणीला शिंगं घासायचो. आतून हिरालाल ओरडायचा, "अवं ऊठ, बैल बोलावून राहिला." ती कुरकुरत यायची. "तुयासाठी उठतो मी, नाही त कोण उठते." पण पारीवर पोहोचली की तिची पावलं माझ्याही आधी सुटायची.

शर्यतीपुरता धनीराम नागपूरहून आला, आणि त्या हंगामात आम्ही पट जिंकलो. माझ्या शिंगांना हार, हिरालालच्या डोक्यावर गुलाल. चौकात फोटोचं मोठं फ्लेक्स लागलं, त्यात हिरालाल, मी, खैऱ्या आणि गावातले सहा पुढारी. लोक विचारायचे, "काय चारतं गा याले?" तो छाती काढून सांगायचा, "सरकीची ढेप, गूळ अन् वेळच्या वेळी पळवणं." पळवणं कोणाचं, ते कोणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात साकोलीच्या डॉक्टरांनी बाईची शुगर उतरल्याचं सांगितलं. हिरालाल म्हणाला, "गोळी लागू पडली." मला पाणी पाजताना बाई म्हणाली, "गोळी म्हणे."

पुढच्या पटात पट्टीच्या कडेला दगड होता. माझं पुढचं खूर फाटलं. मी पडलो, छकडा उलटला, धुरकरी वाचला. जनावरांचे डॉक्टर घरी आले. पट्टी बांधली आणि म्हणाले, हा आता पळणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई कासरा घेऊन कोठ्यात आली. सवयीनंच आली असावी. माझा पाय पाहून ती तिथंच उभी राहिली. मग तिनं कासरा खुंटीला टांगला, पदर खोचला आणि एकटीच बाहेर पडली. मला फार बरं वाटलं, मित्रांनो. वाटलं, आता हिला माझी गरज नाही.

पुढचं मला तिच्यामागून आलेल्या लोकांच्या बोलण्यावरून कळलं. ती देवळापाशी पळत आली तसा ओट्यावरून आवाज आला, "वहिनी, बैल सुटला का?"

ती थांबली. तिला खरं सांगता आलं असतं. पण ते हसणं तिच्या कानात अजून होतं. तिच्या तोंडून गेलं, "हो, सुटला."

आणि मग ती माणसं उठली की. खरंच उठली. दोघं पारीवर धावले, एक वावराकडं गेला, एकानं मोटरसायकल काढली. जिच्या पळण्याला शिट्टी वाजवली, तिच्या बैलासाठी अर्धं गाव पळालं. शेवटी कोणीतरी घरी विचारायला आलं, तर मी पाय वर धरून भाताचं तणस खात उभा. सगळे फाटकात जमले. बाईही मागून आली, घामानं भिजलेली.

"वहिनी, सुटला तो कोणता बैल होय वो?"

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. हिरालालनं हात जोडले. लोक गेल्यावर आवाज न चढवता म्हणाला, "माझी इज्जत घालवू नोको. बैल नाही त कायले पळतं तू?"

"माह्यासाठी," बाई म्हणाली.

त्याला ते वाक्य कळलंच नाही.

नंतर कित्येक दिवस गावात कोणी घाईत दिसलं की लोक म्हणायचे, "काय गा, धुरपताबाईचा बैल सुटला का?" ती विहिरीवरसुद्धा दुपारी जाऊ लागली, कोणी नसताना.

हिरालालनं नवा बैल आणला. बाई पुढं झाली तर म्हणाला, "हा तेज हाय, तुले आवरन नाही." धनीरामला नागपूरहून कायमचं बोलावून घेतलं. बाईसाठी मी इकडून खूप हंबरलो. कोणी लक्ष दिलं नाही. पट्टी बदलायची असेल म्हणाले.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझी खांदशेकणी झाली. पटाचा नसलो तरी बैल आहे मी, माझा मान आहे. हिरालालनं कोमट पाण्यानं खांदे शेकले, पळसाच्या पानानं तूप-हळद लावली. वाटी धरून बाई शेजारी उभी होती. तिच्या पायाच्या बोटाला जखम होती, बरीच जुनी. शुगर पुन्हा चढली आहे. आल्यागेल्यानं त्या दिवशी माझं खूर कसं आहे ते विचारलं. तिच्या पायाचं कोणीच विचारलं नाही.

मित्रांनो, बैलांना जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. बैलांना तुम्ही बरंच जपता. तुमच्या घरी कोणी मोठं माणूस, आई, मावशी, बाबाही असतील, पहाटे पदर खोचून किंवा जोडे बांधून निघालं, तर 'कायले' म्हणून विचारू नका. हसू तर अजिबात नका. एखादा दिवस ते उठले नाहीत तर हाक मारा, आणि जमलं तर चार पावलं मागून चाला. या वयात एकट्यानं रोज निघणं पट जिंकण्यापेक्षा अवघड आहे, हे मी पळालेला बैल सांगतो आहे.

आमची बाई अजूनही पहाटे उठते. फाटकापर्यंत जाते, कडीवर हात ठेवून उभी राहते. देवळाकडून बोलण्याचे आवाज येत असतात. मग ती वळते, माझ्यापुढं तणस टाकते आणि चूल पेटवायला आत जाते.