पिवळीची वाटणी

सासरे गेले आणि दोघी जावांनी महिनाभरात वाटणी उरकली. थोरलीला उतारावरचा मळा आला. धाकटीला तळघर, लाकडी पिंपं आणि रस काढायचं यंत्र. मळ्यात जुनी पांढरी द्राक्षं होती; घरात त्यांना 'पिवळी' म्हणत. मणी बारीक, साल जाड, पिकणार सगळ्यांच्या शेवटी. तिची वाइन पहिल्या वर्षी जीभ सोलून काढायची. दोन वर्षं पिंपात मुरली की मधाचा वास धरायची. म्हणजे एकीवाचून दुसरीचं चालणार नव्हतं, आणि दोघी तर एकमेकींना पाण्यात पाहत होत्या.

पहिल्याच तोडणीला थोरलीनं निरोप धाडला, बाटलीवर माझंही नाव हवं. धाकटीनं उलट कळवलं की मळ्यात राबणारे पुष्कळ मिळतात, वाइन करणारा हात एकच असतो. थोरलीनं सगळा माल रसाच्या कारखान्याला घातला. त्या वर्षी, आणि पुढच्याही वर्षी. जुन्या कामगारांनी समजावून पाहिलं, पण ती बधली नाही.

मग एकदा बाजारात तिला धाकटीची बाटली दिसली. वर ठळक अक्षरात 'पिवळी', आणि साल नेमकं वाटणीचं. घरी आणून तिनं घोटभर चाखली. गोडसर, गुळमुळीत, कुठल्यातरी भलत्याच द्राक्षांची.

धाकटीनं व्यापाऱ्यांना चव घ्यायला तळघरात बोलावलं, त्या दिवशी थोरली न बोलावता जाऊन उभी राहिली.

"त्या वर्षी पिवळीचा एक घडही या घरात आलेला नाही," ती व्यापाऱ्यांना म्हणाली. "कारखान्याची पावती आणली आहे, बघा."

धाकटीचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "मळा तुम्ही नासवलात, जाऊबाई. मी निदान नाव तरी जिवंत ठेवलं."

"मेलेलं बरं होतं."

व्यापारी पेले ठेवून एकेक करून निघून गेले. दुकानदारांनी बाटल्या परत पाठवल्या. थोरली आठवडाभर खुशीत होती. पण पुढच्या हंगामात कारखान्यानं जुनी जात घेणं बंद केलं, आणि तिच्यापुढे द्राक्षांचे ढीग पडले. वाइन करायला ती कधी शिकलीच नव्हती. तरी न्हाणीघरात प्लास्टिकचे ड्रम मांडून तिनं हट्टानं केली. चार महिन्यांत सगळ्याचा व्हिनेगर झाला.

बातमी लागताच धाकटी स्वतः दारात आली. पेलाभर मागून घेतला आणि चेहरा न हलवता सगळा प्यायली.

"छान आहे," ती म्हणाली. "फरशी लख्ख निघेल."

थोरलीनं तिच्या तोंडावर दार लावलं.

त्या उन्हाळ्यात धाकटीची रिकामी पिंपं सुकून फुटली; फळ्या निखळल्या, त्यांना बांधणारी लोखंडी कडी जमिनीवर पडली. एका कामगारानं येऊन सांगितलं. थोरलीनं ते त्याच्याकडून दोनदा सांगून घेतलं, आणि मग, पिवळी मुरवायला आता पिंपच उरलं नसताना, मळ्याच्या छाटणीला माणसं मिळतात का ते बघायला निघाली.